अपघातानंतर मुलं गाडीत बसत नाहीत तेव्हा : वाचकांचे प्रश्न

रस्ते अपघातातून वाचलेल्या मुलामुलींच्या मनःस्थितीविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बरीचशी पत्रं दहा ते बावीस वर्षांच्या मुलांच्या पालकांची आली, काही खुद्द मुलांची. २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि ४ लाख ४३ हजार ३६६ माणसं जखमी झाली. अंगावर ओरखडाही न उमटता घरी परतलेली, पण महिनाभर धड न झोपलेली मुलं या आकड्यात नाहीत. आलेली बहुतेक पत्रं अशाच मुलांविषयी आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : बोरघाटात आमच्या गाडीला मागून टेम्पोने धडक दिली. यजमानांचा हात मोडला आणि काही क्षण त्यांची शुद्ध हरपली. मागे बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला फक्त खरचटलं. तीन आठवडे झाले. यजमान प्लास्टरमध्येच ऑफिसला जायला लागले, आणि मुलगी मात्र रात्री तीनतीनदा उठते, कुकरच्या शिट्टीला दचकते, धाकट्यावर खेकसते. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत. एवढंसं लागून इतकं होतं का? (एक आई, नाशिक)

उत्तर : होतं, आणि यात नाटक काही नाही. जखम किती मोठी होती यावरून मुलाच्या मनाचं काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. कशावरून बांधता येतो, तर त्या क्षणी ‘आता मी मरणार’ किंवा ‘बाबा गेले’ असं वाटलं होतं का, आईवडिलांपासून ताटातूट झाली होती का, आधी असा एखादा प्रसंग घडला होता का, आणि नंतर घरच्यांनी कसं घेतलं यावरून. तुमच्या मुलीने मागच्या सीटवरून काय पाहिलं याचा विचार करा. मान टाकून निपचित बसलेले बाबा, आणि हाक मारूनही उत्तर नाही. ते दहा सेकंदांत शुद्धीवर आले असतील, पण ती दहा सेकंदं तिने वडील गमावल्यागत काढली असणार. यजमानांना हा प्रसंग आठवतच नसेल, म्हणून दोघांची तुलना करू नका.

अपघातानंतर शरीराची धोक्याची घंटा सैल होते आणि फोडणीच्या धुरानेही वाजू लागते. म्हणून दचकणं, झोप तुटणं, लक्ष न लागणं, चिडचिड. मुलगे पुष्कळदा रडण्याऐवजी रागावतात, मुली पोटदुखीची तक्रार करतात, उलटही असतं. पहिल्या महिन्यात हे सगळं अपेक्षित आहे आणि बहुसंख्य मुलांचं आपोआप ओसरतं. निरनिराळ्या आघातांतून गेलेल्या मुलांवरचे अनेक अभ्यास २०१४ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा साधारण १६ टक्के मुलांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा ताणाचा आजार झालेला दिसला. शंभरातली चौऱ्याऐंशी मुलं त्यातून सुटली. महिनाभर थांबून पाहा असं आम्ही म्हणतो ते या भरवशावर. हा आजार आहे की नाही हे महिना उलटल्याशिवाय ठरवतही नाहीत.

थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं असं नाही. उठण्याजेवण्याच्या वेळा पूर्वीच्याच ठेवा. शाळा, भले अर्धा दिवस, पण चालू ठेवा. रात्री तिच्या खोलीत आजी किंवा तुम्ही झोपलात तर बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांनी गादी दाराकडे सरकवा, मग बाहेर. आणि तिला एकदा, एकदाच, सरळ सांगा : ‘इतकं भयंकर घडल्यावर कुणालाही असंच होतं. तू वेडी होत नाहीयेस, आणि हे कमी होतं.’ सासूबाईंच्या कानावरही हेच घाला.

पाचव्या आठवड्यात मात्र शांतपणे हिशेब घ्या. नको असताना प्रसंग डोळ्यांपुढे येतो का? तो विषय, ती जागा, गाडी ती टाळते का? सतत सावध, दचकलेली राहते का? आणि या सगळ्यामुळे शाळा, मैत्रिणी, झोप यांचं नुकसान होतंय का? उत्तरं ‘हो’ येत असतील तर तज्ज्ञाकडे जायची वेळ आली. समुपदेशक बहुधा आठ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देतील. क्रायीस-८ असं तिचं नाव आहे आणि आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना ती चालते. चार प्रश्न नकोशा आठवणींचे, चार टाळाटाळीचे. प्रत्येकाला ०, १, ३ किंवा ५ गुण. एकूण १७ किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी करतात. १७ आले म्हणजे आजार झालाच असं समजू नका, आणि १५ आले म्हणून निर्धास्तही होऊ नका. मूल रोज रात्री ओरडत उठत असेल, शाळेत जायचंच बंद झालं असेल, तर महिना संपायचीही वाट पाहू नये.

प्रश्न : नातू सतरा वर्षांचा. क्लासच्या सहलीच्या गाडीला अपघात झाला. क्लासवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या मुलांना एकत्र बसवून प्रत्येकाला ‘काय पाहिलं ते सांगून मोकळे व्हा’ म्हटलं. तेव्हापासून हा जास्तच गप्प झालाय. आम्ही त्याला बोलतं करावं की विसर म्हणावं? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : दोन्ही नको. लगेच सगळं बोलून मन मोकळं केलं की पुढचा त्रास टळतो, अशी समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. मग ती तपासून पाहिली गेली. इंग्लंडमध्ये रस्ते अपघातातल्या प्रौढ रुग्णांना इस्पितळातच एक सत्र देऊन तीन वर्षांनी पाहिलं, तर सत्र मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा बरी नव्हती. ज्यांना सुरुवातीला जास्त त्रास होत होता ते तर सत्रामुळे मागे राहिले होते. अपघातातल्या मुलांवरही असाच प्रयोग झाला आणि जादा फायदा काही दिसला नाही. एकत्र बसवण्यात आणखी एक खोट असते. ज्याने फक्त आवाज ऐकला होता त्याच्या डोक्यात, ज्याने रक्त पाहिलं त्याची चित्रं जाऊन बसतात.

‘विसर’ म्हणण्याचा तोटा वेगळा. मुलाला कळतं की हा विषय घरच्यांना झेपत नाही, आणि ते एकटंच त्याच्याशी झुंजत बसतं. आठवण दाबायला गेलं की ती जास्त येते.

दार उघडं ठेवा आणि आत ढकलू नका. सोबत काहीतरी करताना, म्हणजे शेंगा सोलताना, गाडी धुताना, गच्चीवर फिरताना, मुलं जास्त बोलतात, कारण समोरासमोर बघावं लागत नाही. आजोबा, तुम्ही एवढंच म्हणा : ‘त्या दिवसाबद्दल कधी सांगावंसं वाटलं तर मला सांग, मी घाबरणार नाही.’ तो बोलला तर मध्ये तोडू नका, सल्ला देऊ नका, ‘देवाची कृपा म्हणून वाचलास’ असं लगेच म्हणू नका. वाक्य खरं असलं तरी त्याने बोलणं तिथेच संपतं. तो बोललाच नाही, पण जेवतोय, मित्रांत जातोय, क्लासला जातोय, तर न बोलणं हा आजार नाही.

त्याचा मोबाइल मात्र बघा. अपघाताची सीसीटीव्ही चित्रफीत, चेमटलेल्या बसचे फोटो मुलांच्या ग्रुपवर फिरत असतात, आणि मुलं ती रात्री पुनःपुन्हा लावतात. ‘नेमकं काय झालं’ हे शोधायचा तो प्रयत्न असतो, पण त्यातून हाती फक्त नवी चित्रं लागतात. काय झालं हे त्याला जाणून घ्यायचं असेल तर मोठ्या माणसाने शब्दांत सांगावं. फीत ग्रुपवरून काढायला क्लासवाल्यांनाच सांगा.

प्रश्न : झोपेसाठी ओळखीच्या डॉक्टरांनी मुलाला (वय १६) अर्धी गोळी लिहून दिली आहे. देऊ का? (पालक, सोलापूर)

उत्तर : चिठ्ठी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि गोळी बेंझोडायझेपिन (शामक, झोप आणणाऱ्या औषधांच्या) गटातली आहे का ते विचारा. असेल तर, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताण किंवा झोप यांसाठी मुलांना ती देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितलं आहे. तिने त्रास टळत नाही आणि सवय लागू शकते. मूल ती आधीच काही आठवडे रोज घेत असेल तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा. पीटीएसडीसाठी म्हणूनही अठराखालच्या मुलांना औषधं देऊ नयेत, अशी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१८ची शिफारस आहे. नैराश्य किंवा दुसरा आजार सोबत असेल तर प्रश्न वेगळा, तो मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

वाईट स्वप्नांवर औषधाशिवाय एक उपाय आहे. स्वप्न दिवसाउजेडी कागदावर लिहायचं. मग मुलाने स्वतः त्याचा शेवट बदलायचा, त्याला हवा तसा, अशक्य असला तरी चालेल. हे नवं स्वप्न रोज दुपारी दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. दोन-तीन आठवडे नेमाने करावं लागतं. झोपायच्या आधी करू नका.

प्रश्न : मी अठरा वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी मामाच्या गाडीतून येताना ट्रकने बाजूने घासत नेलं. मी पुढे डावीकडे बसले होते. एअरबॅग उघडली. कुणाला फार लागलं नाही. आता मी कारमध्ये बसत नाही. कॉलेजला एसटीने जाते, ती चालते. बाबा म्हणतात एकदा पुणे-बंगळूर हायवेने फिरवून आणतो, भीती मोडेल. मला स्वतःला काही करता येईल का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : येईल, आणि बाबांना थांबव. त्यांचा हेतू चांगला आहे, पण एकदम मोठा घास घेतला तर बहुतेक वेळा अर्ध्या वाटेत उतरावं लागतं, आणि ‘मला जमत नाही’ याचा आणखी एक पुरावा मनाला मिळतो.

आधी हे बघ की भीती टिकते कशाने. गाडीत बसायची वेळ आली की छाती धडधडते, तू नको म्हणतेस, लगेच हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातच गोम आहे. मन हिशेब मांडतं की बसले नाही म्हणून वाचले. गाडीत बसूनही काही होत नाही हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. म्हणून संधी द्यायची, पण लहान लहान.

मानेला किंवा पाठीला दुखापत होती का? असेल तर डॉक्टरांची परवानगी घे. मग शून्य ते दहा अशी भीतीची पट्टी कर आणि ज्या गोष्टींची भीती वाटते त्या चिठ्ठ्यांवर लिहून पट्टीवर लाव. तुझी यादी कदाचित अशी होईल : उभ्या गाडीत दार उघडं ठेवून मागे बसणं, ३. दार लावून, पट्टा बांधून, इंजिन सुरू करून, ४. पुढे डावीकडे बसणं, गाडी उभीच, ५. गल्लीत वीसच्या वेगाने फेरी, ५. सकाळी सहाला रिकाम्या रस्त्याने दोन किलोमीटर, ६. संध्याकाळच्या रहदारीत, ७. ट्रकच्या शेजारून जाणं, ८ किंवा ९. हायवे, ९. ती जागा, १०. क्रम तुझा तू लाव. काहींना पुढच्या सीटपेक्षा मागची अवघड जाते, कारण रस्ता दिसत नाही.

तीन-चार आकड्याच्या पायरीपासून सुरू कर. रोज कर; आठवड्यातून एकदा केलं तर दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केल्यासारखं होतं. प्रत्येक पायरीवर इतका वेळ थांब की भीती आपोआप निम्म्याच्या आसपास उतरेल, सहाची तीन. सुरुवातीला याला वीस ते चाळीस मिनिटं लागतात, म्हणून रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारून परत यायचं नाही. चार-पाच फेऱ्या मारायच्या. भीती शिगेला असताना उतरू नकोस. सलग दोन-तीन दिवस एखादी पायरी सुरुवातीलाच तीनच्या खाली वाटली की पुढची. मध्येच एखाद्या दिवशी आकडा पुन्हा चढला तर एक पायरी खाली ये, सगळं सोडून देऊ नकोस. निघण्याआधी पाच मिनिटं चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं केलंस तर धडधड थोडी कमी होईल.

बऱ्याच जणांचं इथे अडतं, ते बारकाईने वाच. मुलं गाडीत बसतात, महिनाभर बसतात, तरी भीती हलत नाही. कारण ती बसल्या बसल्या स्वतःला ‘वाचवत’ असतात. खिडकीवरचा दांडा घट्ट धरायचा, उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबायचा, डोळे मिटायचे, सारखं स्पीडोमीटर बघायचं, ‘मामा, हळू’ म्हणत राहायचं. मग मन म्हणतं, दांडा धरला होता म्हणून पोहोचलो. या सवयी ओळखून एकेक सोड. आधी हात मांडीवर, काही दिवसांनी पाय सैल. सीट बेल्ट यात मोजू नकोस. तो खरा बचाव आहे, मागच्या सीटवरही बांधायचाच.

चालवणाऱ्याशी आधी करार कर. ठरलेल्या वेगाबाहेर जायचं नाही, फोन नाही, अचानक ओव्हरटेक नाही, आणि ‘बघ, काही झालं का?’ असं विचारायचं नाही. तो मुळातच बेफाम चालवत असेल तर तुझी भीती बरोबर आहे. दुसरा चालक शोध.

आता एअरबॅगचं. ती फुटते तेव्हा कानठळ्या बसवणारा आवाज होतो, पांढरी भुकटी उडते, जळका वास येतो. पुष्कळांना गाडी पेटली असंच वाटतं. तो वास किंवा तसा आवाज आला की काहींना क्षणभर आपण पुन्हा तिथेच आहोत असं वाटतं. तुला तसं झालं तर गाडी सुरक्षित जागी, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात, थांबवायला सांग; हायवेच्या कडेला नको. डोळे उघडे ठेव आणि मोठ्याने फरक सांग : ‘तो वास एअरबॅगचा होता, हा कचरा जाळल्याचा आहे. तेव्हा रात्र होती, आत्ता सकाळ आहे. ती मामाची पांढरी गाडी, ही निळी.’ अपघाताच्या आठवणीवर तारीख नीट बसलेली नसते, म्हणून ती आत्ताची वाटते. असा फरक मोजून सांगितला की ती जुनी होत जाते.

प्रसंग डोळ्यांपुढे रोज येत असेल, झोप उडाली असेल, तर हे एकटीने करू नकोस. दोन महिने झालेत, समुपदेशकासोबत कर. नुसती गाडीचीच भीती असेल तर घरच्या घरी चार ते सहा आठवड्यांत फरक दिसायला हवा.

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा. पावसात रात्री गाडी तोच चालवत होता. दुभाजकावर आदळून शेजारी बसलेला त्याचा मित्र गेला. केस चालू आहे. मुलगा म्हणतो, मी त्याला मारलं. जेवत नाही, कॉलेज सोडलंय. आम्ही रोज सांगतो, तुझी काही चूक नव्हती. (वडील, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आज रात्रीच त्याला विचारा, स्पष्ट शब्दांत : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही भीती चुकीची आहे; विचारल्याने मुलाला बोलायला जागा मिळते. ‘हो’ म्हणाला, किंवा उत्तर टाळलं, तर त्याला एकटं ठेवू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, दोर कुलपात घाला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत. त्याने तसा बेत आखला असेल तर फोनवर थांबू नका, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

दुसरं, ‘तुझी काही चूक नव्हती’ हे म्हणणं थांबवा. त्याला वेग माहीत आहे, काच धूसर होती हे माहीत आहे. घरचे खोटा धीर देतात असं एकदा वाटलं की खऱ्या आधाराचीही दारं बंद होतात. तज्ज्ञ अशा मुलांसोबत जे करतात ते असं : कागदावर मोठं वर्तुळ काढायचं आणि त्या रात्री जे जे कारणीभूत होतं ते सगळं लिहायचं. पाऊस. दिवे नसलेला रस्ता. दुभाजकाच्या टोकाला परावर्तक नसणं. टायरची झीज. मित्राने पट्टा न लावणं. निघायला उशीर करणारे बाकीचे. प्रत्येकाला वर्तुळाचा एकेक भाग द्यायचा आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. वाटा शून्य होत नाही, आणि करायचाही नाही. पण आधी अख्खं वर्तुळ त्याचं एकट्याचं होतं, ते आता राहत नाही. दुसरा प्रश्न असतो : ‘हे तुला त्या सेकंदाला माहीत होतं, की आता माहीत आहे?’ नंतर कळलेल्या गोष्टीवरून आपण आधीच्या स्वतःला दोषी ठरवत असतो, हे हळूहळू त्याच्या लक्षात येतं. हे काम घरी करू नका. तज्ज्ञासोबतच, आणि जिवाची जोखीम आटोक्यात आल्यावर.

त्याने दारू घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतली असेल तर ते दडपून कुठलाही उपचार पुढे जात नाही. मुलाला पुढे आयुष्यभर पेलेल अशी जबाबदारी घ्यायला शिकावं लागेल आणि त्यातही मदत मिळते. आता झोपेसाठी पितो का, तेही पाहा.

मित्राच्या आईवडिलांना भेटायची ओढ त्याला असेल. वकिलांना विचारल्याशिवाय नको, आणि त्या घराची तयारी आहे का हे मधल्या वडीलधाऱ्या माणसाकरवी समजून घेतल्याशिवायही नको. दारात जाऊन कोसळलेला मुलगा त्या आईने सावरावा अशी वेळ तिच्यावर आणणं बरं नाही. तोवर त्याला पत्र लिहू द्या, न पाठवण्यासाठी. आणि हे विसरू नका की त्याने मित्रही गमावला आहे. त्याच्या दुःखाची चौकशी कुणी केली का? अपराधाच्या बोलण्यात ते दुःख राहून जातं. पुढचा पावसाळा आणि वर्षश्राद्धाचे दिवस जड जातील. ते आधीच ओळखून त्या आठवड्यात कुणीतरी सोबत असेल असं बघा.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाचं डोकं खिडकीवर आपटलं होतं. सीटी स्कॅन नॉर्मल. पाच आठवडे झाले, डोकं दुखतं, वाचलं की गरगरतं, चिडतो. हे मनाचं आहे असं सगळे म्हणतात. (आई, रत्नागिरी)

उत्तर : सगळे चुकत असतील. मेंदूला बसलेला सौम्य हिसका सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. चिडचिड, झोप बिघडणं आणि लक्ष न लागणं हिसका आणि ताण या दोन्हींत असतं, म्हणून गोंधळ होतो. वाचताना किंवा स्क्रीनकडे पाहताना वाढणारी डोकेदुखी, उजेड सहन न होणं, तोल जाणं ही लक्षणं हिशेबात घ्या; ती हिसक्याकडे बोट दाखवतात. गाडी पाहून छाती धडधडणं, नकोशी चित्रं येणं हे ताणाकडे. दोन्ही एकत्रही असतात. मुलांचा हिसका बहुधा चार आठवड्यांत भरून येतो. पाचव्यातही त्रास आहे म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे पुन्हा जायला हवं. तोवर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका. पूर्ण विश्रांती पहिले एक-दोन दिवस, पुढे हळूहळू चालणं, वीस मिनिटं वाचन, मग थांबणं. डोक्याला पुन्हा मार बसेल असे खेळ डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. वारंवार उलट्या, हलवूनही जाग न येणं, झटका (फिट) येणं, हातापायातलं बळ जाणं, नाकाकानातून पाणी, यांपैकी काही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा अपघातानंतर खेळण्यातल्या गाड्या सारख्या एकमेकींवर आपटतो. बघवत नाही, म्हणून गाड्या लपवून ठेवल्या. मी स्वतःही तेव्हापासून स्टिअरिंग हातात घेतलेलं नाही. (आई, म्हापसा)

उत्तर : गाड्या परत द्या. या वयात मुलं शब्दांऐवजी खेळातून प्रसंग चघळतात. शेजारी बसा. तोच खेळ तसाच, ताठ चेहऱ्याने, महिना उलटून गेला तरी चालू असेल तर खेळात एक रुग्णवाहिका आणा, धावून आलेली माणसं आणा. त्या दिवशी खरोखर कोण मदतीला आलं होतं तेच आणा. खेळ पुढे सरकू लागला की चांगलं. बिछाना ओला करणं, बिलगणं यावर रागावू नका.

तुमचं वाक्य मात्र तुम्ही शेवटी, ओझरतं लिहिलंत. आईवडिलांचा त्रास हे मुलाचा त्रास टिकण्यामागचं एक ठळक कारण आहे. तुम्ही स्टिअरिंगला हात लावत नाही हे तो रोज पाहतो. कोल्हापूरच्या मुलीला सांगितलेल्या पायऱ्या तुम्ही चालकाच्या सीटवरून करा, आणि तुमच्यासाठी मदत घ्या, त्याच्याआधी. गोव्यातच बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दोघांनाही दाखवता येईल.

प्रश्न : नेमकं कुणाकडे जायचं? खर्चाचं काय? (अनेक वाचक)

उत्तर : जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. या चार मनोरुग्णालयांत दाखल न होता बाह्यरुग्ण म्हणूनही जाता येतं. नावाला बिचकू नका. खासगीत जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधा आणि पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा. मुलांच्या आघातावर काम केलं आहे का? अपघाताच्या आठवणीवर थेट काम करणार, की नुसता धीर देणार? साधारण किती सत्रं? आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार सहा ते बारा सत्रांत होतो. त्यात मूल प्रसंग क्रमाने सांगतं किंवा लिहितं, सगळ्यात जड क्षणापाशी थांबतं, आणि तेव्हा माहीत नसलेली गोष्ट, उदाहरणार्थ ‘बाबा दहा सेकंदांनी शुद्धीवर आले’, तिथेच जोडून घेतं. या सत्रांनंतर एक-दोन दिवस त्रास किंचित वाढतो. नेमकं तेव्हाच पालक उपचार थांबवतात. थांबवू नका, समुपदेशकांना कळवा. सहा सत्रांनंतरही काही हललं नसेल तर मात्र पद्धत किंवा माणूस बदलण्याबद्दल मोकळेपणी बोला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. तरी बाह्यरुग्ण सत्रांचा खर्च तुमच्या पॉलिसीत येतो का ते वाचून घ्या. पुष्कळ पॉलिसी फक्त दाखल झालेल्यांचा खर्च देतात. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करणार असाल तर कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून वकिलाला लवकर गाठा. अर्जात हाडाच्या डॉक्टरांची बिलं लावली जातात आणि समुपदेशनाची राहून जातात. पहिल्या भेटीपासूनच्या पावत्या, तारखांसह सत्रांची नोंद, शाळेच्या गैरहजेरीचा दाखला आणि तज्ज्ञांचं निदानपत्र एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि त्याची झेरॉक्स वकिलाकडे द्या.